पोलिसांसोबत आलेला पेशंट : पुण्यात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

पुण्यात इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी सुरू झाली की लवकरच असा पेशंट समोर येतो. दोन हवालदार, मध्ये एक माणूस, हातात हातकडी आणि तिची दोरी एका हवालदाराच्या मुठीत. येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह शहरातच आहे, शिवाय महिला कारागृह आणि खुलं कारागृहही येरवड्यातच. कारागृहाचा स्वतःचा दवाखाना असतो, वैद्यकीय अधिकारी असतात. तिथे निभावत नाही ते ससूनला, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात येतं. त्यात शहरातल्या आणि आसपासच्या पोलीस ठाण्यांतून अटक झालेली माणसं 'मेडिकल'साठी रोज सरकारी दवाखान्यांत आणली जातात. न्यायवैद्यकशास्त्राचा पेपर आपण सगळेच पास झालेले असतो, पण या माणसाशी कसं वागायचं हे कुणी बसवून शिकवत नाही. सिनिअरकडून ऐकायला मिळतं ते एवढंच : "लवकर उरक, पोलीस खोळंबलेत."

ही तपासणी बिघडते ती ज्ञान कमी पडल्यामुळे क्वचितच. छातीत दुखत असेल तर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढायचा, हे प्रत्येक इंटर्नला ठाऊक असतं. कैद्याच्या बाबतीत मात्र तो अर्ध्या तासाने निघतो, कारण 'हा नाटक करत असणार' हे आधीच ठरून गेलेलं असतं. असं ठरवणारा डॉक्टर दुष्ट नसतो. विचारलं तर तो मनापासून सांगेल की मी सगळ्यांना सारखंच तपासतो. म्हणून माझा सल्ला असा की आपला पूर्वग्रह मनात शोधत बसू नका, केसपेपरवर शोधा. किती वेळ दिला, शर्ट काढून तपासलं का, काय विचारायचं राहिलं, काय लिहायचं टाळलं, या जागी तो सापडतो आणि तिथेच तो दुरुस्तही करता येतो. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : ड्युटी लागण्याआधी स्वतःकडे बघून घ्या

आपण प्रत्येक जण कुठल्या तरी घरातून आलेलो असतो. कुणाचे वडील पोलीस खात्यात असतात, लहानपण पोलीस वसाहतीत गेलेलं असतं; त्याला हवालदाराचा शब्द घरच्या माणसाचा शब्द वाटतो. कुणाच्या घरी चोरी झालेली असते आणि आईचं मंगळसूत्र गेलेलं असतं. कुणी कोथरूडला वाढलेली असते. लोहियानगर, ताडीवाला रोड ही नावं तिने फक्त पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत वाचलेली असतात. कुणी गावाकडून लातूरला येऊन दोन वर्षं क्लास केलेला, घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेला असतो. 'मी एवढे कष्ट केले, मग यानेच का वाकडी वाट धरली' हा प्रश्न त्याच्या मनात येतोच येतो.

शिवाय आडनाव. केसपेपरवरचं नाव वाचलं की आपण त्या माणसाची जात, धर्म, कधी कधी गावही ताडतो. ही सवय इतकी अंगात मुरलेली आहे की ती सवय आहे हेच लक्षात येत नाही. भोसले, काळे, पवार, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी पारध्यांतही आहेत. अशा वेळी आपला अंदाज चुकू नये म्हणून की काय, हवालदार टेबलाजवळ वाकून हळूच सांगतो, "साहेब, पारधी आहे." त्या तीन शब्दांनी तपासणीचा नूर बदलतो. मोबाइल खिशात जातो, खुर्ची थोडी मागे सरकते, आणि हात पेशंटच्या अंगाऐवजी थेट प्रिस्क्रिप्शनच्या पॅडकडे वळतो.

या तीन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. येरवड्याचा तुरुंगही १८७१ सालचाच. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या, संशय मात्र शिल्लक राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातीवर आधारलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवला, विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मावरून सराईत गुन्हेगार धरायला मनाई केली आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. तुरुंगाच्या रजिस्टरमध्येच जात नको असेल, तर हवालदाराने कानात सांगितलेली जात तुमच्या केसपेपरवर यायचं काही कारण नाही.

आपल्याच समाजाचा कैदी समोर आला तर सगळं सोपं होतं, असं समजू नका. पक्षपाताचा ठपका येऊ नये म्हणून काही डॉक्टर अशा पेशंटशी जास्तच कडक वागतात. काही उलट इतके मऊ होतात की तपासणीतले अवघड प्रश्नच विचारत नाहीत.

करायचं काय? एका कागदावर स्वतःपुरतं लिहून काढा. कोणत्या गुन्ह्याची मला सगळ्यात जास्त चीड येते? कोणत्या वस्तीतल्या माणसाची भीती वाटते? कोणत्या लोकांविषयी आमच्या घरी काय बोललं जायचं? कागद कुणाला दाखवायची गरज नाही. तसा पेशंट आला की आपल्याला दुप्पट सावधपणे तपासायचं आहे, एवढं त्यातून कळलं तरी कागदाचं काम झालं.

दुसरी पायरी : "काय केलंय याने?" हा प्रश्न मागे ठेवा

सगळे आधी हेच विचारतात. डॉक्टर विचारतात, सिस्टर विचारतात, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईकही विचारतात. उत्तर आलं की पुढची तपासणी त्या उत्तराच्या रंगात रंगते. आधी तक्रार ऐका, नाडी, बीपी, ऑक्सिजन, साखर बघा, अंग तपासा. गुन्ह्याची माहिती उपचारासाठी खरोखर लागत असेल तर नंतर विचारा. अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याने पुड्या गिळल्या असतील तर ते कळायलाच हवं. लैंगिक गुन्ह्यातल्या आरोपीची तपासणी पोलिसांच्या लेखी विनंतीवर करायची असेल तर तिची पद्धत वेगळी आहे. बाकी वेळी अपेंडिक्स कुठल्या कलमाखाली दुखतंय याने काही फरक पडत नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. देशातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नसतो. पक्क्या कैद्यालाही न्यायालयाने शिक्षा दिलेली असते ती स्वातंत्र्य गमावण्याची. वेदनाशामक न मिळणं हा त्या शिक्षेचा भाग नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ सालच्या नेल्सन मंडेला नियमांमध्ये स्पष्टच म्हटलं आहे की बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्यालाही मिळाली पाहिजे आणि वैद्यकीय निर्णय बिगरवैद्यकीय कर्मचाऱ्याने फिरवता कामा नये.

तिसरी पायरी : खोली आणि हातकडी

हवालदार दिसेल पण त्याला ऐकू जाणार नाही अशी जागा शोधा. सरकारी ओपीडीत ती सहज मिळत नाही. पडदा ओढून हवालदाराला दाराशी उभं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. हे भांडून होत नाही. "मामा, जरा दारापाशी थांबता का? पाच मिनिटं लागतील, खिडकीला गज आहेत," असं म्हटलं की बहुतेक जण थांबतात. त्यांचीही अडचण समजून घ्या : कैदी पळाला तर निलंबन त्यांचं होतं. खरंच धोका वाटत असेल तर हवालदाराला आत ठेवा, पण तो आत होता हे केसपेपरवर लिहा. मारणारा समोर उभा असताना "कुणी मारलं का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येतं, आणि अशा 'नाही'ला किती वजन द्यायचं हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

तपासताना हातकडी काढायला सांगा. गुवाहाटीच्या रुग्णालयात काही बंदींना हातकड्या घालून वर दोरीने बांधून ठेवल्याचं उघडकीस आलं, तेव्हा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असं करता येणार नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत काही गंभीर गुन्ह्यांत अटक करताना आणि कोर्टात हजर करताना हातकडीला मुभा आहे. ती दवाखान्यातल्या खाटेला बांधून ठेवण्याची मुभा नव्हे. काढलेल्या हातकडीखालचं मनगटही बघा. घट्ट बसलेल्या हातकडीने अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात, तिथली संवेदना जाते. पेशंट "हात बधिर झालाय" म्हणतो आणि आपण ते सोडून देतो. अंगठ्याच्या पाठीवर कापूस फिरवून बघायला काही सेकंद पुरतात.

बाळंतीण असेल तर प्रश्नच नाही. कळा सुरू असताना, प्रसूतीच्या वेळी आणि लगेचच्या काळात बेड्या नकोत, असा मंडेला नियमांचा स्पष्ट दंडक आहे. महिला बंदीची अटकेनंतरची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखालीच व्हायला हवी, हा तर कायदाच आहे.

चौथी पायरी : बोलणं

ओपीडीत शेजारच्या रांगेतल्या पन्नाशीच्या माणसाला आपण "काका, काय होतंय?" असं विचारतो. त्याच वयाच्या कैद्याला "काय रे, काय झालं?" असं विचारलं जातं, आणि विचारणारा चोवीस वर्षांचा असतो. नावाने आणि 'तुम्ही' म्हणून सुरुवात करा. आधी आपलं नाव सांगा, आपण डॉक्टर आहोत, पोलीस नाही, हे सांगा. बऱ्याच जणांना ते खरंच माहीत नसतं. ॲप्रन घातलेला माणूस तपासाचाच भाग आहे असं त्यांना वाटतं.

भाषेची अडचण मोठी आहे. येरवड्यात हिंदी, बंगाली, कन्नड बोलणारे असतात. पारधी, कैकाडी, बंजारा यांच्या घरच्या बोली वेगळ्या आहेत. तुटक मराठीत उत्तर देणारा माणूस लपवाछपवी करतोय असं वाटतं, आणि वेळोवेळी तेच 'पेशंट सहकार्य करत नाही' या शब्दांत केसपेपरवर उतरतं. दुभाष्या म्हणून हवालदाराला घेऊ नका. वॉर्डबॉय, मावशी, दुसऱ्या युनिटमधला एखादा रेसिडेंट, कुणी ना कुणी त्या भाषेचं सापडतं.

पाचवी पायरी : 'सोंग' हे निदान सगळ्यात शेवटी

शहरातल्या एका सरकारी दवाखान्यातला प्रसंग आहे. विशीतला मुलगा, चोरीच्या संशयावरून धरलेला. तक्रार एवढीच की पाय भरून आलेत, उभं राहवत नाही. रेसिडेंटने नाडी-बीपी बघितलं, पँट वर करून पोटऱ्या पाहिल्या. वरवर काही दिसेना. हवालदार म्हणाला, "साहेब, गाडीतून उतरून चालत आलाय तो." दुखण्याची गोळी लिहून झाली, कागद परत करायला हात पुढे झाला. तेवढ्यात ड्युटीवरच्या सिस्टर लघवीची बाटली घेऊन आल्या. मुलाने मघाशी लघवीला जायचंय म्हटलं होतं, त्यांनी सहज बाटली दिली होती. आतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. सिस्टरनी ती ओतून दिली नाही. टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एवढं बघून घ्या." मग पँट उतरवून बघितलं. मांड्यांच्या मागे वळ होते : दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टा, एकाखाली एक. पाठीवरही तसेच. रक्त तपासलं तर स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके प्रचंड वाढलेलं, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिनही वर गेलेलं. सलाइन जोरात सुरू झालं आणि पोरगं डायलिसिसवाचून निभावलं.

काठीचा मार मांसल भागावर बसला की असे जोड-वळ उठतात. मार जास्त झाला तर स्नायू फुटतात, त्यांतला मायोग्लोबिन रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकतो. बाहेरून फारसं दिसत नाही, सावळ्या अंगावर तर आणखीच कमी. म्हणून नुसतं बघून भागत नाही, हाताने चाचपून बघावं लागतं : कुठे गरम लागतंय, कुठे टणक झालंय, कुठे दाबलं की माणूस कळवळतो. तळपाय बघा, कारण तिथला मार चप्पलमोज्यांत झाकला जातो. दुखणं दिसण्यापेक्षा फार जास्त असेल, पोटरी दगडासारखी लागत असेल आणि पायाची बोटं नुसती हलवली तरी पेशंट ओरडत असेल तर कंपार्टमेंट सिंड्रोम आठवा, म्हणजे आतल्या सुजेच्या दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटणं. तिथे तासांचा हिशेब असतो. मारहाण सांगणाऱ्या प्रत्येक पेशंटची लघवी बघा. त्यासाठी कुठल्याही मशीनची गरज नाही.

अटकेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरणारा, घामाने भिजलेला, भिंतीवर किडे दिसतात म्हणणारा माणूस आणला जातो आणि "येड्याचं सोंग घेतोय" असं सांगितलं जातं. तो रोज दारू पिणारा असेल तर हे दारू तुटल्याचं लक्षण आहे आणि त्यात माणूस दगावू शकतो. "रोज किती घ्यायचात, शेवटची कधी घेतली?" हे दोन प्रश्न कोठडीतल्या प्रत्येक पेशंटला विचारा. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्या. याच्या उलटही घडतं. तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून झोपवून ठेवलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव असतो. वास आला तरी बाहुल्या बघायच्या, शुद्धीचा जीसीएस गुणांक लिहायचा आणि शंका असेल तर सीटी करायचा.

कुणी सोंग करतच नाही, असं माझं म्हणणं नाही. करतात. बराकीतल्या गर्दीतून दोन दिवस सुटका मिळावी, घरच्यांची ओझरती भेट व्हावी, म्हणून पोटात दुखतं सांगणारे भेटतील. पण बाहेर पडायची इच्छा आणि खरा आजार एकाच माणसात सुखाने नांदतात. खोकला वाढवून सांगणाऱ्यालाही टीबी असू शकतो, आणि गच्च भरलेल्या बराकीत तो असण्याची शक्यता बाहेरच्यापेक्षा जास्तच. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारा, थुंकी टीबीच्या सीबीनॅट चाचणीला पाठवा. खरूज दिसली तर ती शेजारच्या सगळ्यांना असणार. एकट्याला मलम देऊन काही होत नाही, कारागृहाच्या डॉक्टरांना तसं लिहून कळवा. आणि 'सोंग' हा शब्द लिहायचाच असेल तर काय काय तपासून तो लिहिला हेही खाली लिहा. बहुतेक वेळा एवढी यादी तयार करायला बसलं की तो शब्द लिहायची घाई राहत नाही.

आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या कैद्याबाबत तर घाई मुळीच नको. 'जामिनासाठी केलं' असं सोबतचे म्हणतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं. मानसोपचार विभागाला कॉल पाठवा, आणि परत पाठवताना त्याच्यावर नजर ठेवायची सूचना कागदावर द्या, तोंडी नको.

सहावी पायरी : लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण तुम्ही लिहिलेला कागद महिन्यांनी, वर्षांनी कोर्टात उघडला जातो आणि तेव्हा पेशंटजवळ दुसरा पुरावा नसतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटक झाल्यावर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हायची असते. अंगावरच्या जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्यांचा अंदाजे काळ तुम्ही नोंदवायचा असतो. त्या अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळाली पाहिजे. ती बहुतेकांना मिळत नाही, कारण ती द्यायची असते हे देणाऱ्यालाच ठाऊक नसतं. डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालापासून कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी तपासणी करायची आहे. म्हणजे दुसऱ्यांदा आलेल्या माणसाचा आधीचा कागद मागून घ्या आणि नव्या खुणा जुन्यांशी ताडून बघा. आधीच्या कागदावर नसलेली जखम आज असेल, तर ती कोठडीत झाली की आधी नोंदवायची राहून गेली, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच आहे.

अंग न उघडता 'ताजी जखम नाही' लिहू नका. हे वाक्य आपल्याकडे शिक्का मारल्यासारखं येतं, आणि पूर्वग्रहाला लपायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. जखम असेल तर जागा, लांबी-रुंदी, रंग, आकार लिहा, शरीराच्या आकृतीवर खूण करा. वळाच्या रंगावरून नेमका दिवस सांगायच्या फंदात पडू नका. रंग माणसागणिक बदलतो. पेशंटचं म्हणणं त्याच्याच शब्दांत अवतरणात घ्या : "ठाण्यात पट्ट्याने मारलं." त्याखाली तुमचं मत वेगळं लिहा : 'वर्णन केलेल्या जखमा सांगितलेल्या कारणाशी सुसंगत आहेत', किंवा नाहीत. 'पेशंट आरोप करतो' आणि 'पेशंट सांगतो' यांतला दुसरा प्रयोग वापरा. शेजारच्या पेशंटने जिन्यावरून पडलो म्हटलं तर तिथे आपण 'आरोप करतो' असं लिहीत नाही.

कुणी म्हणेल, "डॉक्टर, पडला असं टाका ना." सिनिअरही म्हणू शकतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतलं ६.६ क्रमांकाचं कलम अशा वेळी उपयोगी पडतं : डॉक्टरने छळाला साथ द्यायची नाही आणि दुसऱ्याने केलेला छळ लपवायचाही नाही. म्हणजे न लिहिणं हाही भंगच. शांतपणे म्हणा, "सर, दिसतंय तेवढंच लिहितेय, कुणाचं नाव मी माझ्याकडून घालत नाहीये." एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद करा, वेळ घाला, सही नीट वाचता येईल अशी करा. 'कोठडीसाठी फिट' असा शेरा मागितला तर तपासणी पूर्ण झाल्यावरच द्या आणि कोणत्या औषधांवर, कोणत्या सूचनांसह, हे त्याच ओळीत लिहा.

सातवी पायरी : संमती, आणि मोठी माणसं

शुद्धीवर असलेल्या सज्ञान कैद्याच्या शस्त्रक्रियेला संमती तो स्वतः देतो. हवालदाराची किंवा तुरुंगाधिकाऱ्याची सही त्याच्या सहीची जागा घेत नाही. पोलिसांच्या विनंतीवरून पुराव्यासाठी करायची तपासणी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ ची, वेगळी, उपचार वेगळा. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करायची नाही आणि निकाल हवालदाराला सांगायचा नाही, हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बांधून दिलेलं आहे.

ससूनला याचा एक जुना दाखला आहे. राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याहून अपेंडिक्ससाठी तिथे आणलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांसाठी थांबायला वेळ नव्हता. नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं, संमतीचं निवेदन लिहिलं गेलं, गांधीजींनी त्यावर सही केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ज्या सरकारने तुरुंगात घातलं त्याच सरकारच्या चाकरीतला हा सर्जन. त्याने पेशंटचं ऐकून घेतलं, समजावलं, साक्षीदारांसमोर कागद केला. सारा देश बघत असताना हे झालं, हे खरं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की कुणीच बघत नसताना आलेल्या, निरक्षर, अंगठा उठवणाऱ्या कच्च्या कैद्यालाही तेवढंच समजावून सांगायला तुम्हाला दहा मिनिटं लागतात.

याची दुसरी बाजूही बघा. पूर्वग्रह नेहमी कैद्याच्या विरोधातच जातो असं नाही. इंग्रजी बोलणारा, फाइल नीट लावून आणणारा, आपल्या काकांसारखा दिसणारा बिल्डर किंवा पुढारी अटकेत आला की आपल्याला त्याचं बीपी जास्त गंभीर वाटायला लागतं. त्याला खाट मिळते आणि ती सुटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक आरोपी ससूनमध्ये उपचार घेत असताना पळाला, आणि कैद्यांच्या लांबलेल्या मुक्कामांवर राज्यभर गदारोळ झाला. अशा प्रकारांची किंमत पुढे सामान्य कैदी चुकवतो, कारण त्याच्या खऱ्या दुखण्याकडेही संशयाने बघितलं जातं. उपाय रुक्ष आहे पण चालतो : भरती का केलं, कोणता आकडा किंवा कोणतं लक्षण बरं झालं की घरी, म्हणजे परत, पाठवायचं, हे पहिल्याच दिवशी लिहा आणि रोज त्याच्याशी ताडा. दोन्ही प्रकारच्या कैद्यांना हाच कागद लागू करा.

आठवी पायरी : मन बंड करून उठलं तर

लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस समोर बसतो आणि हात पुढे जायला तयार होत नाही. हे साहजिक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तातडीचं नसेल तर सहकाऱ्याला सांगून केस बदलून घ्या. तातडीचं असेल तर उपचार द्यायचाच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून जीव वाचवण्याला पहिलं स्थान आहे. मन थाऱ्यावर नसताना ठरलेला क्रम सांभाळून घेतो : वायुमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मग डोक्यापासून पायापर्यंत. सिस्टरना शेजारी उभं करा. ड्युटी संपल्यावर विश्वासातल्या कुणाशी तरी बोला, पेशंटचं नाव न घेता.

नववी पायरी : परत पाठवताना

"बरं नाही वाटलं तर उद्या या," हे वाक्य कैद्यासाठी निरर्थक आहे. येण्यासाठी त्याला एस्कॉर्ट लागतो, आणि मनुष्यबळ नसलं की तारीख चुकते. म्हणून रक्त, एक्स-रे, दुसऱ्या विभागाचं मत, शक्य तेवढं त्याच फेरीत उरका. तुरुंगात रात्रीचं जेवण संध्याकाळी लवकर होतं आणि मग बराकी बंद होतात. 'रात्री जेवणानंतर' लिहिलेली इन्सुलिनची वेळ त्या वेळापत्रकाशी जुळते का, हे सोबतच्या माणसाला किंवा पेशंटलाच विचारा. धोक्याची लक्षणं कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी ठळक लिहा : अमुक झालं तर त्याच दिवशी परत पाठवा. चष्मा, काठी, इनहेलर लागत असेल तर तसं वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर झडतीत ते बाजूला पडतं.

कच्च्या कैद्याचा जामीन कधीही होतो, अगदी संध्याकाळी, आणि माणूस गोळ्यांशिवाय बाहेर पडतो. टीबी, फिट्स, एचआयव्ही, साखर यांची औषधं अशीच तुटतात. टीबीच्या पेशंटचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीतला त्याचा नंबर, त्याला पाठ करायला सांगा किंवा घरच्यांचा फोन घेऊन त्यांना द्या. सुटल्यावर जवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात तो क्रमांक दाखवला की गोळ्या पुढे सुरू राहतात, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत, हे तो परत जाण्याआधी त्याला समजेल अशा भाषेत सांगा.